बायकांच्या ओळीत दादा

दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत शहरातल्या सावेडी भागातल्या आयांचे मला फोन येतात. मी तिथल्या एका खाजगी क्लासात गणित शिकवते. पेपरच्या आदल्या दिवशी मुलाला काय खायला द्यावं, झोप किती व्हावी, केंद्रावर गर्दी पाहून तो घाबरणार तर नाही ना, असं सगळं त्या विचारतात. मी नीट उत्तरं देते. पण फोन ठेवला की थोडा वेळ माझं डोकं ठिकाणावर नसतं. त्या बायकांवर माझा राग नाही. त्यांनी काळजी करायची नाही तर कुणी करायची? राग कशाचा आहे ते मला अजून धड सांगता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचं गाव राहुरी तालुक्यातलं, पण डोंगराच्या अंगाचं. खाली देवळाली प्रवराकडे गेलं की नजर जाईल तिथवर ऊस. आमच्याकडे कालवा काही वर चढला नाही. आमचं जेमतेम दीड एकर रान आणि त्यात एक विहीर, ती मार्चपर्यंत कशीबशी साथ द्यायची. तेवढ्या पाण्यावर उन्हाळी कांदा व्हायचा आणि त्या कांद्यावर आमचं वर्ष निघायचं. दादा, म्हणजे माझे वडील, एरवी कांदा मार्केटात हमाली करायचे. गोणी पाठीवर घ्यायची, ट्रकमध्ये टाकायची, परत यायचं. काम असलं तर असलं, नाहीतर घरी बसून विड्या ओढायच्या. माणूस वाईट नव्हता. बोलायचा मात्र इतका कमी, की घरात आहे की नाही हे विडीच्या वासावरून कळायचं.

माझ्या थोरल्या बहिणीची शाळा आठवीत सुटली आणि तिला बेलापूरच्या बाजूला दिली. माझ्या बाबतीत घरात असं ठरलं होतं, की दहावी सगळ्या विषयांत सुटली तर पुढचं बघू, आणि एकात जरी अडकली तर लगेच लग्न उरकून टाकू. स्थळसुद्धा हेरून ठेवलेलं होतं, आईच्या माहेरच्या नात्यातलं. हे कुणी दुष्टपणानं ठरवलं नव्हतं. ज्या घरात दोन वेळची चूल पेटवताना नाकी नऊ येतात, तिथं नापास मुलीला दुसऱ्यांदा परीक्षेला बसवणं ही चैन वाटते. मला ते कळत होतं आणि कळत असूनही मी रात्रंदिवस जळत होते. मला शिकायचं होतं. का, ते विचारू नका. गणित सुटलं की मला बरं वाटायचं, बस्स. आमच्या घरात दुसरं काहीच कधी पूर्ण सुटायचं नाही.

आता सावडीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कांद्याची लागण एकट्यादुकट्याचं काम नाही. रोप तयार झालं की ते चार दिवसांत वाफ्यात गेलंच पाहिजे. मजूर लावायला पैसा नाही, मग बायका सावड करतात. आज सगळ्याजणी तुझ्या रानात, उद्या सगळ्याजणी माझ्या. जिच्या रानात जितक्या आल्या, तिनं तितक्यांच्या रानात जाऊन दिवस फेडायचा. कुठं लिहून ठेवत नाहीत, पण एकही दिवस कुणी विसरत नाही. ही सावड निव्वळ बायकांची. पुरुष गोण्या भरतात, वाहतात, चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, ओततात. ओळीत उकिडवं बसून लागण, खुरपणी आणि कापणी करायची ती बायकांनी.

आईचा जीव या सावडीत होता. घरात ती कायम कावलेली असायची, पण बायकांच्या ओळीत बसली की तिची जीभ सुटायची. कुणाच्या सासूनं काय केलं, कोण कुणासारखं चालतं, याच्या नकला ती अशा करायची की बायका हसून हसून वाफ्यात बसकण मारायच्या. मी लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा मला वाटायचं, ही बाई आमच्या घरी का येत नाही?

त्या वर्षी आमचं रोप सगळ्यांच्या आधी तयार झालं. बायका आल्या, आमची लागण झाली. थोरल्या काकूंच्या घरच्या तर तिघीजणी आल्या होत्या, त्या स्वतः आणि त्यांच्या दोन सुना. थोरल्या काकू म्हणजे दादांच्या चुलतभावाची बायको, सावडीतली सगळ्यांत वडीलधारी. कुणाच्या रानात कधी जायचं हे त्याच ठरवायच्या. आईनं दोनतीन ठिकाणचे दिवस फेडले आणि जानेवारीत ती एकदम आडवी झाली. अंगावरून जात होतं ते तिनं किती महिने लपवलं होतं देव जाणे. पिशवीचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तीन महिने उकिडवं बसायचं नाही, वजन उचलायचं नाही. आई त्यांच्याकडे अशी बघत राहिली, जणू त्यांनी तिला श्वास घेऊ नको म्हणून सांगितलं.

थोरल्या काकू दवाखान्यात भेटायला आल्या. शहाळं आणलं होतं. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि उठता उठता आईच म्हणाली, "आक्का, दिस फिटायचे ऱ्हायलेत, मला ठावं हाय. माजी पोर यील."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मला कुणी विचारलं नाही. काकूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "येऊ दे की. पन पोरीचा दिस अर्दा धरतात, ह्ये तुला ठावंच हाय."

सावडीत असा नियमच होता. लग्न न झालेली पोर म्हणजे अर्धी बाई. आईचा एक दिवस फेडायला मला दोन दिवस जायला लागणार होतं. पंधरा वर्षांची मी, हाडापेरानं आईपेक्षा थोराड, पण अर्धी. मी एकदा रागानं काकूंना तोंडावर विचारलं, की मी बाकीच्यांइतकंच लावते, मग अर्धं का? त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तू लावतीस गं. पन उद्या कोन धा वर्साची पोर पाठवील आनि म्हनील पुरा दिस धरा. मंग?" त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि याचाच मला जास्त राग यायचा.

मग सुरू झालं. आधी रविवार गेले, मग रविवार पुरेनात म्हणून शाळेचे दिवस जाऊ लागले. जानेवारीच्या थंडीत वाफ्यातल्या पाण्यात पाय, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या अंगठ्यानं एकेक रोप चिखलात खोचायचं. संध्याकाळी अंगठ्याचं नख दुखायचं आणि पेन धरलं की अक्षर वाकडं यायचं. पूर्वपरीक्षेचा एक पेपर तर बुडालाच. आमचे गणिताचे सर मोटारसायकल घेऊन बांधावर आले आणि मला हाक मारायला लागले. सगळी ओळ मान वर करून त्यांच्याकडे बघायला लागली, कुणीतरी खुदकन हसलं, आणि सर लाजून परत गेले. बिचारे कुठं बायकांशी भांडणार!

त्या दिवसांत मला एकच आधार होता. काकूंची धाकटी सून. मी तिला वहिनी म्हणायचे. ती बारावीपर्यंत शिकलेली होती, निकाल लागायच्या आत लग्न झालेली. लागण करता करता मी तिच्या शेजारची ओळ धरायचे आणि भूमितीची प्रमेयं म्हणून दाखवायचे. "पक्ष काय? साध्य काय?" असं ती हळूच विचारायची, कारण सासू चार हातांवर असायची. मी चुकले की नुसती जीभ चाटकन वाजवायची. मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. भूमिती मी अशी चिखलात बसून पाठ केली. बाकीच्या बायकांना वाटायचं आम्ही मंत्र म्हणतोय.

फेब्रुवारीअखेर सगळ्यांचे दिवस फिटले. राहिल्या फक्त थोरल्या काकू, कारण त्यांच्या तिघी आल्या होत्या आणि त्यातला एक दिवस अजून बाकी होता. तो काढणीला फेडायचा असं ठरलं. काढणी मार्चच्या शेवटी होणार होती आणि तोवर माझे पेपर संपणार होते. मी देवाला मानत नाही, पण तेव्हा हात जोडले होते.

मराठी झालं, इंग्रजी झालं, बीजगणित झालं. परीक्षेचं केंद्र शेजारच्या मोठ्या गावात होतं, नऊच्या जीपनं जायचं. बीजगणिताचा पेपर मला इतका सोपा गेला की परतताना मी जीपमध्ये एकटीच हसत होते. भूमिती मधला एक दिवस सोडून होती. आणि त्या मधल्या दिवशी दुपारपासून आभाळ भरून यायला लागलं. सगळ्यांच्या मोबाईलवर एकच, गारपीट होणार, अवकाळी येणार. काढलेल्या कांद्यावर गारा पडल्या तर संपलंच. विहीर लवकर आटल्यानं काकूंचा कांदा ठरल्याआधीच उपटून रानात पडलेला होता, वाळायला. तो दुसऱ्याच दिवशी कापून चाळीत घालणं भाग होतं. ज्यांचे ज्यांचे कांदे उघड्यावर होते, त्या सगळ्यांची गावात धावपळ उडाली. रोजानं बाई मिळणं तर दूरच.

दिवेलागणीला काकू दारात आल्या. आई खाटेवर उशीला टेकून बसली होती, मी पलीकडे वही घेऊन, दादा उंबऱ्यात.

"उद्या उजाडताच बसायचं," काकू म्हणाल्या. "पोरीला लावून दे."

"यील," आई म्हणाली.

"उद्या माजी भूमिती हाय," मी म्हणाले.

काकूंनी कपाळावर हात मारला. खरंच त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांना माझं वाईट चिंतायचं नव्हतं हे मी शपथेवर सांगीन. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मंग असं कर, अंधारात ये आनि जीपच्या वक्ताला जा." मग स्वतःच थांबल्या. "पन अर्द्या दिसाचं बी अर्दं, ते मी कसं धरायचं? बाकीच्या मला काय म्हनतील?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. तिनं दवाखान्यात दिलेला शब्द तिथं आमच्या चौघांच्या मधोमध पडून होता. मला ठाऊक होतं, आई शेवटी म्हणणार, जा. आणि मला हेही ठाऊक होतं, की मी जाणार. भूमिती बुडाली की गणित गेलं, गणित गेलं की लग्न.

"मी येतो," दादा म्हणाले.

आम्हाला कळेचना ते कशाबद्दल बोलताहेत. काकूंनी म्हटलं, "गोन्या वाह्याला माजी पोरं हायेत भावजी. मला कापनीला मानूस पायजे."

"कापनीलाच येतो."

काकूंना वाटलं थट्टा चाललीय. दीर-भावजयीच्या नात्यात तेवढी चालते. त्या हसून म्हणाल्या, "मंग लुगडं नेसून या."

दादा हसले नाहीत. "माजा दिस तरी पुरा धराल ना वैनी?" त्यांनी विचारलं.

काकूंनी हसणं आवरून डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग "धरीन" म्हणाल्या आणि गेल्या. आई भिंतीकडे तोंड करून झोपली. तिनं दादांना नको म्हटलं नाही आणि बरं केलंत असंही म्हटलं नाही. मी मात्र निर्लज्जासारखी पुन्हा वही उघडली. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

सकाळी मी उठले तेव्हा दादा गेलेले होते. विळा घेऊन गेले होते, डोक्याला टॉवेल बांधून. मी जीपनं गेले. पेपर हातात आला आणि पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं की मला सगळं येतंय. पण लिहिता लिहिता मध्येच माझा हात थांबायचा. दादा उकिडवे बसलेत, दोन्ही बाजूंनी बायका, असं डोळ्यांसमोर यायचं आणि काढलेलं वर्तुळ वाकडं व्हायचं. एक आकृती मी तीनदा पुसली. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अर्धवट होतं. ते मला पाठ होतं. वहिनीपुढे मी ते कितीतरी वेळा म्हटलेलं होतं.

परतीची जीप मी काकूंच्या रानापाशीच सोडली. बांधावर चढले आणि जागच्या जागी थबकले. रानात आवाज नव्हता. बायकांच्या ओळीत इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. एरवी कुणाच्या तरी मोबाईलवर गाणी लागलेली असतात, कुणीतरी कुणालातरी शिव्या घालत असतं. त्या दिवशी सगळ्याजणी खाली मान घालून कापत होत्या. आणि काकूंच्या दोन्ही सुना, त्या उन्हात, डोक्यावरून पदर पार कपाळाच्या खाली ओढून बसल्या होत्या. दादा त्यांचे चुलत सासरे. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, बोलायचं नाही, तोंड उघडं टाकायचं नाही. एरवी पुरुष बांधापलीकडे असतात म्हणून चालून जातं. पण इथं सासरा शेजारच्याच ओळीत. एरवी वर खोचायच्या त्या साड्या त्यांनी खाली सोडल्या होत्या, दोघी उन्हानं घामाघूम झाल्या होत्या, आणि सकाळपासून एकीलाही आडोशाला जायला उठता आलं नव्हतं.

हे सगळं एका नजरेत माझ्या लक्षात आलं. मला दादांची कीव आली, आणि त्याहून जास्त त्या पोरींची. मी धावत जाऊन दादा आणि सुना यांच्या मधे, आडोसा होईल अशी बसले. मी आल्याबरोबर सुना उठल्या आणि बाभळींकडे पळाल्या.

मग मी दादांचा ढीग पाहिला.

कांदा कापताना वरची वाळलेली पात विळ्यानं छाटायची, पण कांद्याच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढी मान ठेवायची. ती मान सुकते, वरून तोंड बंद होतं, मग कांदा चाळीत पाचसहा महिने टिकतो. मान ठेवली नाही तर उघड्या तोंडातून सड आत शिरते. हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला झोपेत विचारा. दादांनी आयुष्यभर कांदा पाठीवर वाहिला होता, कापला कधीच नव्हता. त्यांना वाटलं, जितकं साफ तितकं चांगलं. त्यांनी सकाळपासून प्रत्येक कांदा अगदी डोक्यापर्यंत सफाचट केला होता. मार्केटात चेंडूसारखा गुळगुळीत दिसेल असा. आणि झपाट्यानं केला होता, बाकीच्यांच्या दीडपट.

"दादा," मी बायकांनी कापलेला एक कांदा उचलून म्हटलं, "मान ठेवायची असती."

त्यांनी हातातला कांदा फिरवून पाहिला. माझ्या हातातला पाहिला. मग मागं वळून रिकाम्या वाफ्याकडे पाहिलं. त्यांचे सकाळचे ढीग तिथं नव्हते. आभाळाच्या भीतीनं काकूंच्या मुलांनी ते भरभर गोणीत भरून चाळीत ओतलेही होते, बाकीच्या चांगल्या कांद्यात.

"मला कुनी बोललं न्हाई," दादा म्हणाले. एवढंच.

कोण बोलणार होतं? काकू ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या. जवळ होत्या त्या सुना. धाकट्या वहिनीनं पुढं कितीतरी दिवसांनी मला सांगितलं, की तिनं ते पहिल्या तासातच पाहिलं होतं. "म्या दोनदा खाकरले," ती म्हणाली. "मंग येक नीट कापल्याला कांदा त्यांच्या म्होरं सरकवला. त्यांनी तो उचलला आनि ढिगात टाकला. मंग मी काय करू?" लांबच्या सासूला तर ती हाक मारून सांगूही शकत नव्हती, कारण सासऱ्यासमोर आवाज चढवायचा नाही. मला वहिनीचा राग आला नाही. सासूच्या देखत ती मला अख्खी भूमिती शिकवायची, ते काय कमी धाडस होतं?

काकूंनी ढीग पाहिला तेव्हा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या दादांना काही बोलल्या नाहीत. खाली वाकून दोनतीन कांदे उचलले, परत टाकले आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भावजी. तुमचा दिस धरला." दादांनी विळा पुसला, टॉवेल सोडला आणि चालायला लागले. मी संध्याकाळपर्यंत त्यांच्या जागी कापत बसले. त्या रात्री गारा पडल्या नाहीत, नुसता वारा सुटला. म्हणजे एक दिवस थांबलं असतं तरी चाललं असतं.

जूनमध्ये निकाल लागला. मी सगळ्या विषयांत पास झाले, शाळेत दुसरी आले. हेरून ठेवलेलं स्थळ परस्पर दुसरीकडे गेलं. राहुरीच्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळाला, मुलींना एसटीचा पास फुकट, त्यामुळे तोही प्रश्न सुटला. मी पेढे घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी पेढा घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. वागण्यात काही फरक जाणवला नाही.

श्रावणात त्यांची चाळ सडली. चाळीवरून जाताना नाकाला पदर लावायला लागायचा. भाव चढायच्या वेळीच त्यांना कांदा टोपल्यांनी उकिरड्यावर टाकावा लागला. त्या आमच्या दारात येऊन भांडल्या असत्या, दादांना चार शिव्या दिल्या असत्या, तर मला हायसं वाटलं असतं. त्यांनी तसलं काहीच केलं नाही. पारावरच्या पुरुषांनी मात्र दादांना सोडलं नाही. दादा दिसले की कुणीतरी विचारायचं, "काय मग, आज कुनाच्या सावडीला?" दादांनी त्या रस्त्यानं जाणंच बंद केलं. मार्केटला जायचं तर बांधाबांधानं लांबचा वळसा घालून जायचे.

डिसेंबरात आमचं रोप पुन्हा तयार झालं. आई आता धडधाकट झाली होती. एका सकाळी नवं लुगडं नेसून ती सावडीचं सांगायला दारोदार गेली. दुपारी परतली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. सगळ्याजणी गोड बोलल्या होत्या. कुणी म्हणाली बघू, कुणी म्हणाली आमचंच रोप पिवळं पडलंय. थोरल्या काकूंनी चहा पाजला आणि खरं ते सांगितलं. म्हणाल्या, "तुजा राग न्हाई गं. पन उद्या तू पडलीस की परत भावजी येत्याल. माज्या सुना म्हनत्यात, आमी न्हाई बसनार." आईला यावर भांडता आलं नाही. भांडायला जागाच नव्हती.

आई घरी येऊन रडली असती तर मी समजू शकले असते. ती दादांशी बोलायचीच बंद झाली. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण बोलणं माझ्यामार्फत. "तुज्या दादांना सांग." तिच्या नकला, तिचं हसणं, तिची सुटलेली जीभ, सगळं त्या बायकांपाशी राहिलं. मी पास झाले त्याचा तिला आनंद झाला होता हे मला माहीत आहे. पण त्या हिवाळ्यात ती माझ्याकडे बघायची तेव्हा मला तिची नजर झेलवायची नाही. तिचं काय गेलं होतं ते मोजण्याइतकी मी मोठी झाले होते.

रोप थांबत नाही. आम्ही तिघंच लावायला बसलो. मी कॉलेज बुडवलं. सहा बायका लागतात तिथं आम्ही तीन, त्यातले दादा पहिल्यांदाच लागण करणारे. तीन दिवस झाले तरी निम्मंही रान झालं नव्हतं आणि उपटून ठेवलेल्या जुड्यांचे शेंडे सुकायला लागले होते. राहिलेलं रान तसंच पडणार हे तिघांनाही दिसत होतं. आई पलीकडच्या वाफ्यात पाठ करून बसली होती. मी आणि दादा एका वाफ्यात होतो. आमच्या शेजारच्याच रानात सावड बसलेली होती, आणि वारा तिकडून वाहिला की तिथलं हसणं ऐकू यायचं. तसं ऐकू आलं की आईचा हात थोडा थांबायचा.

दादांनी मला निकालाबद्दल तोवर एक शब्द विचारला नव्हता. पास म्हटल्यावर त्यांना पुरलं होतं. त्या दिवशी चिखलात अंगठा खोचता खोचता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मी काकूच्या रानात गेल्तो, त्या दिसाचा तुजा पेपर कशाचा हुता?"

"भूमितीचा."

"त्यात किती पडले?"

गुणपत्रिकेवर गणिताचा एकच आकडा असतो. बीजगणित आणि भूमिती वेगळं दाखवत नाहीत, दोन्हींची बेरीज येते. बीजगणित मला सोपं गेलं होतं. भूमितीत शेवटचा प्रश्न राहिला होता. कदाचित त्यातले जास्त गुण बीजगणिताचेच असतील. कदाचित भूमितीनंच वर काढलं असेल. मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. एखादा मोठा आकडा ठोकून देता आला असता, पण त्यांच्याशी खोटं बोलायला माझी जीभ वळली नाही. मी त्यांना जसं आहे तसं समजावून सांगितलं.

त्यांनी हातातली जुडी वाफ्यात ठेवली.

"म्हंजी त्या दिसाचं येगळं कळतच न्हाई?"

"न्हाई, दादा."

त्यांनी मान हलवली. मग पुढचं रोप घेतलं आणि खोचलं, वाकडं. आई उठून आमच्या वाफ्यात आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली, "आसं न्हाई, मुळी दुमडली की मरतं," आणि त्यांचा अंगठा धरून तिनं दाखवलं. तिकडं रानात बायका पुन्हा मोठ्यानं हसल्या. आईनं तिकडं पाहिलं, अंगठा सोडून दिला आणि परत आपल्या वाफ्यात जाऊन बसली.